टिचबटणांचे सूर्य

ता. ४ फेब्रुवारी, मंगळवार

डिझायनर कोणाला म्हणालीस गं?

मला? एवढ्या मोठ्या स्टेजवर उभी राहून, गालाला तो काळा माइक चिकटवून, भरल्या हॉलात म्हणालीस, "वातकेतूच्या पोशाखाची डिझायनर माझी आजी होती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या आईने मोबाइलवर दाखवलं, तिला वाटलं म्हातारी हरखेल. मी मोबाइल पालथा घातला आणि भाजी चिरायला बसले.

डिझायनर होते चित्रवाले साहेब. कागदावर रंगीत पेन्सिलीने माणूस काढायचे, "बाई, असं पाहिजे" म्हणायचे आणि घरी जायचे. मी शिवणारी. स्टुडिओच्या मागच्या खोलीत, पत्र्याखाली, पायमशीनवर. मालिका संपताना नावं वर सरकायची त्यात साहेबांचं नाव असायचं, माझं नसायचं, आणि त्यासाठी मी कधी कोणापुढे तोंड वेंगाडलं नाही. माझं काम दर रविवारी घराघरात दिसत होतं, वर नाव कशाला? तू मात्र साहेबांची टोपी माझ्या डोक्यावर ठेवलीस आणि माझ्या हातातली कात्री काढून घेतलीस. "माझी आजी कपडे शिवायची" म्हणताना जीभ टाळ्याला चिकटत होती काय?

असो. टाचणे, अनेक आशीर्वाद. जेवत जा. व्हिडिओत गळ्याची हाडं दिसत होती.

फोन मी करणार नाही. फोनवर तू "हो आजी, हो आजी" करतेस आणि मागे बोटं टकटकत असतात, मी अजून बहिरी झालेली नाही. शिवाय गेल्या वेळी निघालीस ती वाढलेलं ताट तसंच ठेवून. दारात तुझा बाप जे बोलला ते मी ऐकलं. "चांगली बँकेतली नोकरी सोडलीस, आता लोकांना मारायचे खेळ बनव." त्याचं त्याने निस्तरावं. आयुष्यभर मास्तरकी केली, घरी येऊनही खडू खाली ठेवत नाही. पण तू माझ्यावर का फुगलीस? वातकेतूची केप दिली नाही म्हणून? मागितलीस कशी ते आठव. "आजी, ती जुनी केप कुठे पडलीय का गं?" पडलीय? ती रोज माझ्या मशीनवर घातलेली असते, धुऊन, इस्त्री करून. तुझ्या कंपनीच्या काचेच्या कपाटात टांगायला मी ती देणार नाही, हे तेव्हा सांगितलं, आताही सांगते.

आता माझं काय होतं ते वाच. तू कधी विचारलं नाहीस म्हणून लिहावं लागतंय.

वातकेतू आधी कॉमिकात होता. त्याची टीव्हीवर मालिका करायचं ठरलं तेव्हा कपडे कळावेत म्हणून मला कॉमिकांचा गठ्ठा दिला. माझी शाळा तिसरीत सुटलेली. धड वाचायला मी त्या गठ्ठ्यावर शिकले, कारण फुग्यात अक्षरं थोडी असतात आणि अडलं तर चित्र मदतीला येतं. कॉमिकातला केतू गोरागोमटा, हसरा, गालाला खळी. अंगातल्या पोशाखाला कुठे शिवण नाही, बटण नाही, सुरकुती नाही. आणि पाठीवरची केप सदा फडफडतेय. कपाटात लपून बसलाय तरी फडफडतेय. वारा येतो कुठून, कोणी विचारायचं नाही.

मी साहेबांना विचारलं, "साहेब, हा माणूस यात शिरतो कुठून?"

"बाई, तो सुपरहीरो आहे."

"बरं. आणि याला लघवीला लागली तर?"

"सुपरहीरोला लागत नाही."

"त्याला लागत नसेल, पैलवानाला लागते की."

पैलवान म्हणजे केतूचं काम करणारा नट. अंगाने दांडगा, डोक्याने बेताचा, मनाने सरळ. मी साहेबांना न सांगता चेन लावून टाकली. तरी जगाचं रक्षण करायला निघालेला तो बाप्या दिवसातून चारदा माझ्या दारात पाठ करून उभा, "बाई, जरा मागनं उसवलंय हो." कॉमिकातल्याला अंगच नाही, म्हणून त्याचं काही उसवत नाही. टीव्हीवरच्याला अंग होतं. मला तो म्हणून आवडायचा.

आकाशात उडायचा तेव्हा पैलवान स्टुलावर पोट टेकून, हात पुढे करून पडायचा आणि समोरून हा मोठा पंखा सोडायचे. केप गळ्याशी दोरीने गच्च बांधलेली, चित्रात तशीच होती म्हणून. एकदा सीन संपल्यावर पैलवान उठून पंख्याच्या मागनं गेला. पंख्याला मागे जाळी नाही. केप आत ओढली गेली आणि दोरी त्याच्या गळ्यात. चेहरा जांभळा. लाइटवाल्याने धावत जाऊन वीज तोडली म्हणून वाचला. आणि डायरेक्टर म्हणतो, "पाणी पाजा, पुढचा सीन लावा."

त्या दुपारी मी दोरी उसवून फेकली आणि दोन्ही खांद्यांवर टिचबटणं लावली. पत्र्याची, साधी. हिसका बसला की टिच, टिच, केप हातात. साहेब चिडले. "चित्रात बटणं नाहीत!" म्हटलं, "चित्राचा गळा आवळला जात नाही." बटणं दिसू नयेत म्हणून उरलेल्या पिवळ्या अस्तराच्या दोन गोल चकत्या कापून वर टाचल्या.

माझं काम ते. त्याचं पुढे काय झालं ते तुला कोणी सांगितलंय का? नसेल तर विचार. मागितल्याशिवाय मी सांगत नाही.

तुझी
आजी


ता. २७ फेब्रुवारी, गुरुवार

टाचणे,

पत्र पोचलं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं झालंय तुझं, पण हाताने लिहिलंस, बरं वाटलं. तुझ्या आईला वाचायला दिलं. तुझा बाप त्या वेळी पेपर वाचत होता. बराच वेळ एकच पान वाचत होता.

लिहितेस, "आजी, शिवणारी म्हटलं असतं तर कोणी मान वर केली नसती. डिझायनर म्हटल्यावर माझं पाच मिनिटं ऐकलं." बरं, मिळालेल्या त्या पाच मिनिटांत सांगितलंस काय? खोटं. म्हणजे त्यांनी तुझं ऐकलंच नाही, त्या न जन्मलेल्या डिझायनरबाईचं ऐकलं. पुढच्या वेळी खरं सांग. दोनच मिनिटं मिळाली तरी ती तुझी असतील.

आणि ताकाला जाऊन भांडं काय लपवत होतीस? केप काचेच्या कपाटासाठी नको होती, ती पडते कशी ते बघायला हवी होती, हे तेव्हाच तोंडाने म्हणायला काय झालं होतं? लिहितेस की तुझं कंपनीतलं काम कापडाचं आहे. खेळातल्या माणसांचे सदरे, पडदे, चादरी, झेंडे वाऱ्याने आणि चालण्याने कसे हलतील ते तू बसवतेस. बंदुका दुसरं कोणी काढतं. अगं, मग एवढी वर्षं सांगितलं का नाहीस? मी समजत होते तू बंदुका काढतेस. तुझा बापही तेच समजतो. जन्मात कापड सोडून दुसरं काही न शिवलेल्या बाईची नात कापड हलवते आणि म्हातारीला पत्ता नाही!

तुझ्या खेळाची जाहिरात बघितली. तुमचा केतू मला ओळखू आला नाही. छाती कपाटाएवढी, दाढी वाढलेली, दात खाऊन बोलतो, जिथे जाईल तिथे अंधार. खळी कुठे गेली त्याची? कोणी मेलंय का घरात? खांद्यावरच्या सूर्यांतून आगीचे लोळ सोडतो. आणि केप! केप फिरवली की चार माणसं आडवी. कापड माणसाच्या अंगावर घालायला असतं, अंगावर घालून मारायला नसतं.

त्या सूर्यांचं तरी ऐक. तू विचारलंस म्हणून सांगते.

मालिकेत जळक्या घरातून एका म्हातारीला बाहेर काढायचा सीन होता. म्हातारीचं काम करायला आणलेली बाई पाण्याने चिंब भिजवलेली, हवा गार, तिचे दात खरोखरच वाजत होते. पैलवान तिला धरून बाहेर आला आणि केप दाराच्या खिळ्याला अडकली. टिच, टिच. केप मागे लोंबकळली, हीरोची पाठ उघडी. कागदावर लिहिलेलं होतं की केतू आता आकाशात उडून जातो. पैलवानाने एकदा केपकडे बघितलं, एकदा त्या कुडकुडणाऱ्या बाईकडे. खिळ्यावरून केप काढली आणि बाईच्या अंगावर टाकली. मग उडायचं कसं ते त्याला सुचेना, म्हणून चालत निघून गेला.

डायरेक्टरने शिव्यांची लाखोली वाहिली. पण टेप त्याच संध्याकाळी द्यायची होती. तशीच गेली.

रविवारी ते दिसलं आणि सोमवारी गल्लीतली पोरं बदलली. आधी टॉवेल पाठीला बांधून पायऱ्यांवरून उड्या मारायची आणि गुडघे फोडून घ्यायची. आता टॉवेल काढून एकमेकांवर टाकायला लागली. त्यात भांडणं, केतू कोण आणि कुडकुडणारा कोण. कुडकुडायला कोणीच तयार नाही! शेवटी म्हाताऱ्याकोताऱ्यांना पकडून पांघरायला लागली. मी स्वतः भर उन्हात दोनदा टॉवेलखाली गेले.

मग दर भागात केप काढून कोणाला तरी पांघरायची, हे ठरूनच गेलं. कॉमिकवाल्यांनाही तसंच काढावं लागलं, पोरं ऐकेनात. पण कॉमिकवाल्यांना साधं काही चालत नाही. माझ्या अस्तराच्या पिवळ्या चकत्यांना त्यांनी किरणं काढली आणि गोष्ट रचली, की सूर्याने खूश होऊन केतूला आपल्या अंगाचे दोन तुकडे दिले. सूर्याचे तुकडे म्हणे! पत्र्याची टिचबटणं ती, आणि वर सदऱ्याचं उरलेलं अस्तर. आता तुमच्या खेळात त्याच चकत्यांतून जाळ निघतो. साहेबांना खुपलेली बटणं झाकायला लावलेल्या चकतीची एवढी भरभराट मी बघितली. मला हसू आलं, आणि खोटं कशाला लिहू, मान जरा ताठही झाली.

तर तुझं भांडण असं आहे, बरोबर ना? केप काढून देणं खेळात पाहिजे, असं तू म्हणतेस. तुझा तो वरचा साहेब म्हणतो, "केप म्हणजे कवच. ते काढलं की हीरो उडू शकत नाही, गोळ्या लागतात. असला सौदा कुठला खेळाडू करेल?" आणि दुसरं म्हणतो, एका अंगावरचं कापड दुसऱ्या अंगावर नीट पडलेलं दाखवणं सर्वांत अवघड, त्यात महिने जातील. त्याचं दुसरं बोलणं खरं असेल, मला त्यातलं कळत नाही. पहिलं खोटं आहे. पैलवानाने केलाच होता की सौदा. कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

हे सगळं कोणाला दाखवायला करते आहेस ते मला कळतंय. मी लिहीत नाही.

केप टपालाने पाठवणार नाही. मशीन उघडं पडेल.

आजी


ता. १९ मार्च, बुधवार

टाचणे,

कंपनीत विचारून तू पाठवलेला कच्चा खेळ तुझ्या आईने कॉम्प्युटरवर चढवला. तुझा बाप म्हणाला, "मला वेळ नाही असल्या पोरखेळाला." आणि खुर्ची ओढली. "फक्त सुरू करून देतो तुम्हाला."

तुझी आई आतून म्हणाली, "अहो, चहा ओतलाय."

"ठेव."

"निवला हो."

"निवू दे! समोरून तिघं येतायत, दिसत नाही का?"

मी म्हटलं, "अरे, तू मारामारीच्या विरुद्ध ना?"

"मी मारत नाहीये, आई. ते मारतायत. मी वाचवतोय."

वाचवता वाचवता केतू बऱ्याचदा मेला. तुमच्यात हे बरं आहे, मेला की उठतो. कॉमिकात मरतच नाही, टीव्हीवर मरायला टेकतो आणि पुढच्या रविवारी ठणठणीत, आणि खेळात मरतो पण मरणाला किंमत नाही. तिन्हीकडे रडायला कोणी लागत नाही. तुझा बाप मात्र दर वेळी "अरेरे" म्हणत होता.

मग तू कळवलेली पुलाखालची ती भिजलेली बाई आली. त्याने तू लिहिलेलं बटण दाबलं. केप सुटली आणि बाईवर पडली.

टाचणे, राग मानू नकोस. पत्रा पडला. गोदामाचं छप्पर कोसळावं तसं. बाई खाली ठोंब्यासारखी बसलेली, तिला काही पत्ताच नाही. तुझा बापही म्हणाला, "हे काही बरोबर नाही." मास्तर आहे, चूक पटकन दिसते त्याला. पण चूक कुठे ते सांगता येईना, म्हणून मी मशीनवरची केप काढली, झटकली.

"बस त्या स्टुलावर."

"मी?"

"मग काय मशीनला थंडी वाजतेय? बस. गारठल्यासारखा बस."

"म्हणजे कसा?"

"टाचणी ताट ठेवून गेली त्या दिवसापासून बसतोस तसा."

तो बसला. तुझ्या आईने मोबाइल धरला. मी केप टाकली. माझे हात आता वर जात नाहीत, पहिल्यांदा त्याच्या नाकावर आपटली, दुसऱ्यांदा खाली गेली. तिसऱ्यांदा जमली. व्हिडिओ सोबत तुझ्या आईने पाठवलाय तो नीट बघ. मी सांगते ते त्यात शोध.

कापड आधी लांबच्या खांद्यावर जातं, जवळच्या नाही. मधे हवा अडकते, क्षणभर तंबू होतो. मग डोकं, मग खांदे. इथवर तुला येत असेल. तुझं अडलंय ते पुढे. आतून हात येतो. ज्याच्यावर पांघरूण पडलं तो ते गळ्याशी ओढून घेतो. तुझी बाई ओढून घेत नाही, म्हणून ते पांघरूण होत नाही, पत्रा होतो. देणारा एकटा काही देऊ शकत नाही, घेणाऱ्याचाही हात लागतो. तुझ्या बापाचा हात बघ, लहानपणी माझ्या मशीनची सुई गेलेलं, दुभंगल्या नखाचं बोट आधी बाहेर येतं आणि काठ पकडतं. त्याला मी सांगितलं नव्हतं. आपोआप आलं.

आणि खालच्या काठात वजन घाल. मी लोखंडी चकत्या शिवायचे, त्याशिवाय केप अंगावर बसायची नाही. तू पण घाल.

तो बराच वेळ त्या केपखाली बसून राहिला. आत रडत होता की झोपला होता, मी उचलून बघितलं नाही. मला चपात्या करायच्या होत्या.

आजी


ता. ११ मे, रविवार

टाचणे,

म्हणजे माझी लोखंडी चकत्यांची अक्कल फुकट गेली तर. लिहितेस, "वजन घातल्यावर केप ओल्या गादीसारखी पडायला लागली, म्हणून काढून टाकलं आणि काठ हलका ठेवून माझ्याच पद्धतीने केलं." नवा तुकडा बघितला. तुझं बरोबर आहे. खऱ्या कापडाला वजन लागतं, तुझ्या कापडाला वजन असल्याचं सोंग लागतं. मला ते आलं नसतं. साहेबांनाही आलं नसतं, आणि ते डिझायनर होते.

दुसरंही तू केलंस ते बघितलं. केप दिल्यावर केतूच्या उघड्या खांद्यांवर शहारा येतो. पैलवानाच्या खांद्यांवर आला होता, टीव्हीवर दिसला नव्हता. मी बाजूला उभी होते म्हणून मला माहीत. तुला कोणी सांगितलं? कोणीच नाही. याला म्हणतात शिवणारीची नजर. काढल्यावर काय दिसेल ते घालतानाच कळलं पाहिजे.

मी खालच्या शिंपीणबाईला सांगितलं, "माझी नात कापडाशिवाय कपडे शिवते." ती म्हणाली, "हो का, मग शिलाई काय घेते?" मी दार लावून घेतलं. सगळ्यांनाच सगळं सांगण्यात अर्थ नाही.

आता परीक्षा. बाहेरची माणसं बोलावून त्यांना खेळ खेळायला देणार, आणि पुलाखालच्या बाईला त्यांनी केप दिली नाही तर तुझं सगळं काम कापून टाकणार, असं ठरलं म्हणतेस. तुझा साहेब पैजेवर सांगतोय की कोणी देणार नाही. आणि तू घाबरून विचारतेस, केप दिल्यावर काही बक्षीस ठेवू का, नवी शक्ती, जास्त गोळ्या, काहीतरी?

नाही. अजिबात नाही.

बक्षीस ठेवलंस की ते दुकान झालं. पैलवानाला काय मिळालं होतं? डायरेक्टरच्या शिव्या. तरी पुढच्या आठवड्यात त्याने विचारलं, "बाई, बटणं आहेत ना जागेवर?" कोणी दिली नाही तर नाही. काम कापलं गेलं तर गेलं, घरी ये, उरलेलं ताट अजून धरलंय तुझं. पण खोट्याची चकती वर टाचू नकोस. माझ्या चकत्यांचे सूर्य झाले, प्रत्येकाच्या होत नाहीत.

आणि स्टेजवर पुन्हा बोलावलं होतं ना तुला? काय म्हणालीस ते लिहिलं नाहीस. तुझ्या आईने शोधून दाखवलं. "माझी आजी स्टुडिओत कपडे शिवायची. वातकेतूची केप सुटते, कारण तिने एकदा टिचबटण लावलं होतं." त्यावर टाळ्या नाही वाजल्या. सगळे हसले, चांगलं हसले. मी ते परत बघितलं. नंतर पुन्हा एकदा, चष्मा पुसून. चष्मा घाण झाला होता.

तुझा बाप मागे उभा होता. म्हणाला, "आवाज चांगला आहे तिचा. मागच्या बाकापर्यंत जाईल." मास्तराने याहून जास्त कोणाला म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

आजी


ता. २ ऑगस्ट, शनिवार

टाचणे,

पत्र आलं तेव्हा मी पायरीवर बसूनच फोडलं. चष्मा आत होता, तरी वाचलं. फुग्याएवढं मोठं अक्षर काढलं होतंस, "राहिलं, आजी!"

तुझं काम कापलं नाही ते कसं, हे सविस्तर नंतर तुझ्या आईने वाचलं. म्हणे काहींनी केप दिली नाही, उडून निघून गेले. त्यांना दोष नाही, घाईत असतील. पण बाकीच्यांनी दिली. एका दांडग्या पोरीने दिली, पुढे दहा पावलांवर केतू मेला, तिने परत सुरू केलं आणि परत दिली. तुझा साहेब मागे उभा राहून म्हणाला, "ही वेडी आहे का?" आणि ती म्हणाली, "बाई गारठलीय हो." टाचणे, हे वाक्य कुठेतरी लिहून ठेव. या वाक्यासाठी मी पैलवानाच्या उसवलेल्या चड्ड्या शिवल्या.

सूर्यांतून आग निघते ती निघतेच, आणि केतूला अजून हसू येत नाही, असं लिहितेस. असू दे. कॉमिकवाल्यांनी त्याला खळी दिली, टीव्हीवाल्यांनी अंग दिलं, तुमच्या लोकांनी राग दिला. पण केप काढायला त्याला आपण शिकवलं, एकदा मी, एकदा तू. आपल्या घराला तेवढं पुरे.

आता घरचं सांगते. पुरा झालेला खेळ तू आईच्या नावाने पाठवलास. तिने चढवून दिला आणि ती बाजारात गेली. तुझा बाप बसला. पुलाखाली पोचला, केप दिली. कापड लांबच्या खांद्यावर गेलं, तंबू झाला, खाली आलं. आतून हात आला. आणि त्याने खेळ जागच्या जागी थांबवला.

मी शेंगा सोलत होते. खेळाचा आवाज थांबला म्हणून बघितलं, तर तो आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून बसलेला. एकदा हाताकडे बघतो, एकदा पडद्याकडे.

"आई, हे माझं बोट आहे."

मी उठून बघितलं. होतं. दुभंगल्या नखाचं. बाई म्हातारी, हात तिचा, आणि नख तुझ्या बापाचं.

"मग कोणाचं असणार?" मी म्हटलं. "तूच ओढून घेतली होतीस ना?"

तो उठला, तोंड धुऊन आला, परत बसला. तेव्हापासून तोच सीन खेळतोय. केप दिली की उडता येत नाही, पूल चालत ओलांडायचा, आणि पुलावर ते लोखंडी राक्षस. दर वेळी मधेच मरतो. काल तुझी आई वैतागून म्हणाली, "अहो, नका ना देऊ केप. वरून उडून जा, झालं."

तर तिच्यावर खेकसला, "त्या बाईला तसंच टाकून?"

मी शेंगा सोलत राहिले. तुला लिहायचं तेव्हाच ठरवलं.

त्याला विचारायला लाज वाटते. एवढी वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, स्वतः हात वर करून "मला येत नाही" म्हणायची सवय नाही. पण केप दिल्यावर चालत पूल कसा पार करायचा, हे सांगणारं माणूस जगात मला एकच माहीत आहे. या पत्राचं उत्तर मला नको. त्याला फोन कर, पत्र नाही, फोन. आणि टकटक बंद ठेवून कर. टेलिफोन कॉम्प्युटरच्या शेजारी आणून ठेवलाय. वाजला की तुझी आई उचलणार नाही, तिला ताकीद दिलीय. मीही उचलणार नाही, कितीही वाजला तरी. उचलायचा त्याने, आणि आधी बोलायचं त्याने. तू फक्त वाजवत राहा.

आजी
कपडे शिवणारी